पाटावरची सळई

लिफ्ट विकतो म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "किती मजल्यांची?" माझ्या लिफ्टला मजले नसतात. तिच्यात माणूसही चढत नाही. चढते ती मोटारसायकल, आणि तीही आपल्या कमरेएवढीच. एक लांब पत्र्याचा फळा, त्याच्याखाली कात्रीसारखे दुमडणारे लोखंडी पाय, तेलावर चालणारा जॅक आणि बाजूला दोन पेडल. एक पेडल पायाने मारत राहिलं की फळा गाडीसकट वर येतो. दुसरं दाबलं की खाली बसतो. मेकॅनिकला उकिडवं बसावं लागत नाही, मान तिरकी करून इंजिनाखाली घुसावं लागत नाही. गाडीच त्याच्या हाताशी येते.

आणि एक सळई असते. अंगठ्याएवढी जाड, हातभर लांब. फळा वर गेला की चौकटीच्या भोकांतून ती आडवी घालायची. मग तेल गळू दे, वॉशर फाटू दे, कुणाचा पाय चुकून उतरवायच्या पेडलवर पडू दे. फळा बोटभर खाली येतो आणि सळईवर टेकून थांबतो. खाली कुणाचा हात असला तर वाचतो. "सळई आत असेल तर हत्ती बसला तरी फळा येणार नाही," हे वाक्य मी तुर्भ्याच्या माझ्या दुकानात इतक्यांदा म्हटलं आहे की जुनी गिऱ्हाइकं ते माझ्याआधी म्हणून दाखवतात.

आज मी चोपन्न वर्षांचा आहे. गॅरेजला लागणारी अवजारं विकण्यात निम्मं आयुष्य गेलं. ज्या एका घरात ते वाक्य म्हणायला हवं होतं, तिथे मी नेमकं उलटं बोललो. त्याबद्दल लिहायचं आहे. लिहिण्याआधी त्या घरी जाऊन परवानगी मागितली. "लिहा," असं उत्तर मिळालं, "पण लिफ्टचं नीट लिहा. वाचून कुणीतरी घ्यायला जाईल, त्याचं नुकसान नको." म्हणून मधूनमधून दुकानदारी होईल, तेवढी सहन करावी.

पूर्वी आमच्याकडे फक्त गॅरेजवाले यायचे. गेल्या काही वर्षांत घरगुती माणसं येऊ लागली. फोनवर व्हिडिओ बघायचा, पाने मागवायचे आणि रविवारी स्वतःच्या गाडीचं तेल स्वतः बदलायचं. मला या माणसांचं फार कौतुक आहे. आठवडाभर संगणकासमोर बसलेला माणूस हाताला ग्रीस लागलं की किती खूश होतो, हे बघायला मिळणं हा आमच्या धंद्यातला आनंद. नेरूळचे एक निवृत्त गृहस्थ सोसायटीच्या पार्किंगमध्ये लिफ्ट बसवायला निघाले. चेअरमनबाईंनी नकार दिला. "आज तुम्ही लिफ्ट बसवाल, उद्या कुणी म्हैस बांधेल," म्हणाल्या. गृहस्थांनी तीन मीटिंगा लढवल्या. शेवटी परवानगी मिळाली, आणि पहिल्याच रविवारी लिफ्टवर चढली ती चेअरमनबाईंची स्कूटर.

दुसरे आठवतात ते दिवाळे गावचे एक नाखवा. उन्हाने काळेभोर झालेले, आले की अंगाला सुक्या मासळीचा वास. दुकानातल्या सगळ्यात मोठ्या लिफ्टवर त्यांनी तळहात आपटला.

"यो पाट किती वजन उचलील?"

मी सांगितलं. मग विचारलं, गाडी कुठली?

"गाडी कोनाची? माजं होडीचं इंजिन हाय. त्याच ठेवाचं हाय यावर."

मी त्यांना समजावलं, की ही लिफ्ट चाकं असलेल्या वस्तूसाठी आहे. पुढचं चाक क्लॅम्पमध्ये धरलं जातं, चारी बाजूंनी पट्टे ताणले जातात, म्हणून गाडी उभी राहते. इंजिनाला ना चाक, ना बांधायला जागा. वर नेल्यावर घरंगळलं तर पायावर येईल. तुम्हाला साखळीचा चेनब्लॉक हवा, आणि तो माझ्याकडे नाही.

नाखवा माझ्याकडे बघत राहिले. "तू इकाला बसलायस का शिकवाला?"

पुढे दोन महिन्यांनी ते मला सुके बोंबील द्यायला आले होते. ही गोष्ट मी पुष्कळ वर्षं मिरवली. हातातलं गिऱ्हाईक सोडलं पण चुकीची वस्तू दिली नाही, असं चारचौघांत सांगताना छाती फुगायची. आता सांगत नाही.

शैलाताई दुकानात आल्या त्या हातात सुतळी घेऊन. सुतळीला तीन गाठी मारलेल्या. मागून त्यांचे यजमान दत्ताभाऊ, वाशीच्या धान्य बाजारात माथाडी, दार भरून टाकणारे खांदे. दोघंही मूळ साताऱ्याकडचे, राहायला कोपरखैरण्याच्या एका बैठ्या घरात. शैलाताईंच्या वडिलांचं कोरेगावकडे गॅरेज होतं. लहानपणी तिथले पाने धुता धुता त्या पाने चालवायला शिकल्या. लग्नानंतर इकडे आल्या, आणि काही वर्षांनी घरापुढच्या ओट्यावर गल्लीतल्या बायकांच्या स्कूटर दुरुस्त करू लागल्या. नर्सबाई, अंगणवाडीच्या सेविका, डबे पोचवणाऱ्या दोघी-तिघी. ज्यांना गॅरेजवाला 'क्लच गेलाय' म्हणाला की मान हलवण्यावाचून पर्याय नसायचा, त्या आता शैलाताईंसमोर उभ्या राहून काय गेलंय ते डोळ्यांनी बघायच्या.

"गुडघे गेले दादा," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, उकिडवं बसायचं नाही. आता एक तर काम वर आणायचं, नाहीतर काम सोडायचं. मला सोडायचं नाही."

दत्ताभाऊ स्टुलावर बसले होते. "आख्ख्या मार्केटचा माल मी पाठीवर घेतो. आन् हिला एवढीशी स्कूटर उचलाया मशीन लागतंय."

"तुम्हीच धरा की मग उचलून," शैलाताई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या. "मी निवांत तेल बदलते. पाऊण तास. मधे चहाला सोडणार नाही."

दुकानातली माणसं हसली. दत्ताभाऊ सगळ्यात मोठ्यांदा.

मी सवयीने त्यांना पर्याय दाखवायला लागलो. नुसतं मागचं चाक उचलणारा स्टँड असतो. साखळीला तेल द्यायला, चाक फिरवून बघायला तो पुरतो, स्वस्तही पडतो. इंजिनाखालून उचलणारा जॅक असतो. जागा कमी लागते, पण गाडी त्याच्यावर डुलते, आणि स्कूटरला खालून धड टेकू मिळत नाही. फळ्याची लिफ्ट जागा खाते, पण गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहते. रोज काम करणाऱ्याने तीच घ्यावी. शैलाताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सुतळी पसरली. पहिली गाठ ओट्याच्या लांबीची. दुसरी रुंदीची, फळ्याच्या दोन्ही बाजूंना माणूस वळेल एवढी जागा सोडून. तिसरी जमिनीपासून वरच्या पत्र्यापर्यंतची.

"लिफ्ट वर, तिच्यावर गाडी, गाडीला आरसे," त्या म्हणाल्या. "आरसा पत्र्याला लागला तर काय उपयोग?"

इतकी वर्षं मी लांबी-रुंदी विचारत आलो होतो. उंची गिऱ्हाइकाने आपणहून मोजून आणलेली मी पहिल्यांदा बघितली.

वजनाच्या बाबतीतही तेच. मी म्हटलं, स्कूटरसाठी ही छोटी बास होईल. त्या म्हणाल्या, "घरात लिफ्ट आली की दिराची बुलेटसारखी जड गाडी येणार, भाच्याची येणार. नाही म्हणता येत नाही. जी सगळ्यात जड येईल ती धरून द्या, आणि वर थोडं सुटं राहू द्या." पाय रुंद असलेली, क्लॅम्प घट्ट धरणारी, आणि सळईसाठी तीन उंचींवर भोकं असलेली लिफ्ट त्यांनी निवडली. निवडण्याआधी ती रिकामी वर-खाली करून बघितली, सांध्यांवर कान ठेवला.

पोचवायला मी स्वतः गेलो. ओट्यावर मला जिथे जागा सोयीची वाटली, तिथे शैलाताईंनी पान्याच्या मुठीने फरशी ठोकली. पोकळ आवाज आला. "खाली पाण्याची टाकी आहे. इथं नको." दोन हात सरकून पुन्हा ठोकली. भरीव. "इथं." कोपरखैरण्यातल्या कितीतरी घरांत ओट्याखाली टाकी असते, वर फरशी बसवलेली, पाहुण्याला पत्ताही लागत नाही. एवढं वजन त्या झाकणावर गेलं असतं तर? खाली टाकी आहे का, हे मी त्या दिवसापासून प्रत्येक घरगुती गिऱ्हाइकाला विचारू लागलो. शिकलो शैलाताईंकडून, सांगितलं स्वतःचं म्हणून.

मी त्यांना रीत शिकवली. पहिल्यांदा रिकामी लिफ्ट पाच वेळा वर-खाली. गाडी चढवताना इंजिन बंद. एकाने डाव्या बाजूने हँडल धरायचं, दुसऱ्याने मागून. चाक क्लॅम्पमध्ये गेलं की आवळायचं. चार पट्टे, दोन पुढे, दोन मागे, उलट्या बाजूंना ताणलेले. फळा खालीच असताना गाडी हाताने हलवून बघायची; हलली तर तिथेच पट्टे पुन्हा ताणायचे. मग वर न्यायची, सळई घालायची, आणि उतरवायचं पेडल अलगद दाबून सगळा भार सळईवर बसवायचा. सळई हाताने ओढून निघाली नाही, तरच हात खाली घालायचा. शैलाताईंनी सगळं मला उलट म्हणून दाखवलं. एक गोष्ट त्यांनी स्वतःची घातली. सळई लिफ्टमध्ये नसेल तेव्हा ती ओट्याच्या दिव्याच्या बटणावर टांगायची. दिवा लावायला गेलं की हाताला सळई लागणार, आणि आठवण होणार.

पुढची दोन वर्षं तो ओटा माझं शोरूम होता. लिफ्ट घ्यायची की नाही अशा विचारात असलेल्या माणसाला मी सरळ तिथे पाठवायचो. "जाऊन त्या बाईंचं काम बघून या." माणूस परत यायचा तो ठरवूनच. बाई उभ्या आहेत, स्कूटर छातीशी आहे, पाने कापडावर ओळीने आहेत, स्कूटरची मालकीण शेजारी उभी राहून प्रश्न विचारते आहे आणि बाई काम न थांबवता उत्तरं देतायत. मी विकलेल्या वस्तूचा इतका नेटका वापर मी दुसरीकडे पाहिला नाही.

खंडेनवमीला त्यांचा फोन आला. "दादा, मशीन तुमच्याकडनं आलंय. पूजेला या."

दुकानातली पूजा आटपून मी गेलो. खंडेनवमीला ज्याच्या-त्याच्या हत्याराची पूजा होते हे मराठी वाचकाला सांगायला नको. दिवाणखान्यात पाट मांडला होता. त्यावर धुऊन पुसलेले पाने, पक्कड, हातोडी, आणि शेजारी दत्ताभाऊंचा पोती ओढायचा हूक. बाहेर लिफ्ट वर नेलेली होती आणि तिच्यावर दत्ताभाऊंची मोटारसायकल, झेंडूच्या माळांनी नटलेली, गल्लीतल्या येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. दत्ताभाऊ आत आंघोळीला गेले होते.

शैलाताई पाटाकडे बघत म्हणाल्या, "सगळं मांडलं. लिफ्टचं काय ठेवू? एवढं मोठं धूड पाटावर कसं येणार?"

मला त्या क्षणी काय सुचलं, ते मला लख्ख आठवतं. मला वाक्य सुचलं. बोलण्यासारखं, लक्षात राहण्यासारखं. मी म्हणालो, "ताई, सळई ठेवा. लिफ्टचा सगळा जीव तिच्यात."

त्यांना ते आवडलं. पण लगेच म्हणाल्या, "गाडी वर आहे दादा."

"हायड्रॉलिक आहे ताई, तासाभरात काही होत नाही. आणि आज सणाच्या दिवशी खाली हात कोण घालतंय?"

त्या घुटमळल्या. मी थांबलो नाही. सळईवर भार बसलेला होता, त्यामुळे ती ओढून निघणार नव्हती. मी माझ्या पायाने पेडलला दोन ठोके दिले, फळा बोटभर वर उचलला गेला, भार सुटला. "काढा आता," मी म्हटलं. त्यांनी काढली.

पूजा झाली. सळईला हळदकुंकू लागलं, फूल वाहिलं. आरती झाली, पेढा खाल्ला. निघताना शैलाताईंनी हळूच विचारलं, "सळई परत लावू का?" त्यावर मी, वीस-बावीस वर्षं हा धंदा केलेला माणूस, म्हणालो, "पूजेतलं हत्यार दसऱ्याच्या आधी उचलू नये ताई. गाडीच खाली घेऊ." तेवढ्यात दत्ताभाऊ नवा शर्ट घालून बाहेर आले. "राहू द्या की वर. संध्याकाळपातूर समद्यांनी बघू दे." मला अजून दोन घरी जायचं होतं. मी हसलो, आणि चपला घातल्या.

दुपारी एक माळ सुटून फळ्याखालच्या कात्रीत अडकली. दत्ताभाऊ ती काढायला बसले. हात आत गेला, तोल सावरताना गुडघा उतरवायच्या पेडलवर टेकला.

उजव्या हाताची मधली दोन बोटं. वाशीच्या एका रुग्णालयात ऑपरेशन झालं. बोटं राहिली, पण पूर्ण मिटत नाहीत. हूक धरणाऱ्या माणसाची बोटं.

दसऱ्याच्या दिवशी मी सफरचंदं घेऊन रुग्णालयात गेलो. दत्ताभाऊ उशीला टेकून बसले होते. "चूक माजीच," ते म्हणाले. "बघून हात घालाया पायजे व्हता. पन दादा, हिनं सळई काढलीच कशापायी? तुमी एवढं शिकवून बी?"

शैलाताई कॉटच्या पायथ्याशी उभ्या होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत आरोप नव्हता. नुसतं बघितलं, आणि औषधांची पिशवी आवरायला लागल्या. मी वाट बघत होतो, की आता त्या बोलतील. त्या बोलल्या नाहीत. मग मी बोललो. मी म्हणालो, "होतं असं कधी कधी."

हे चार शब्द. मी त्यांच्यासाठी शिवी शोधतो आणि पुरेशी मिळत नाही.

नंतर कळत गेलं. माथाडी टोळीतल्या माणसांनी दत्ताभाऊंना सांभाळून घेतलं, वजनकाट्यावर उभं केलं. पण दिवसभर उभं राहून घरी आले की त्यांचा राग शैलाताईंवर निघायचा. गल्लीत बोलणं सुरू झालं, की बाईमाणसाने लोखंडाला हात लावला की असंच होतं, धन्याच्या हातावर आलं. ओट्यावर एक कागद लागला, 'काम बंद आहे'. नर्सबाईंनी तरीही आपली स्कूटर आणून लावली होती. "उघडाल तेव्हा उघडा," म्हणाल्या. ती तशीच भिंतीशी उभी होती. मी ऐकत होतो आणि दुकानात तेच वाक्य म्हणत होतो, हत्ती बसला तरी.

सव्वा महिन्याने दत्ताभाऊंचा फोन आला. "दादा, तुमची लिफ्ट तुमी घेऊन जावा. मला घरात नगं ती."

खरं लिहितो. पहिल्यांदा मला बरं वाटलं. लिफ्ट गेली की त्या घरात माझ्या बोलण्याची खूण उरणार नव्हती. रविवारी सकाळी मी टेम्पो घेऊन गेलो.

शैलाताई फरशीवर उकिडव्या बसल्या होत्या. ज्या गुडघ्यांसाठी लिफ्ट घेतली, त्याच गुडघ्यांवर. हातात रॉकेलचा बोळा, समोर उघडलेले लिफ्टचे सांधे.

"दोन मिनिटं दादा. जुनं ग्रीस काढून नवं भरते. पुढं ज्याच्या घरी जाईल, त्याला घाण कशाला?" मग पेडलवर बोट ठेवून म्हणाल्या, "आणि याच्यावर पत्र्याचं झाकण करून द्या पुढच्याला. बसताना गुडघा लागतो. आमच्याकडे लागला तसा दुसरीकडे नको."

दत्ताभाऊ दारात उभे होते, पट्टी बांधलेला हात छातीशी. "गुडघ्यानं काय व्हतंय? सळई असती तर गुडघा न्हाय, हत्ती बसला असता तरी आला नसता फळा. हिला पूजेला नेमकी सळईच गावली. कुनी सांगितलं व्हतं हिला, देव जाणे."

शैलाताईंची मान खाली. बोळा फिरत राहिला.

"देव नाही दत्ताभाऊ," मी म्हणालो. "मी सांगितलं होतं."

मग सगळंच सांगितलं. त्या घुटमळत होत्या, मी रेटलं. पेडलवर पाय माझा होता. परत लावू का म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा पूजेतलं उचलू नये हे शहाणपण माझं होतं. टेम्पोवाल्याने इंजिन बंद केलं.

दत्ताभाऊ बायकोकडे वळले. "तुला म्हाईत व्हतं, आन् तू बोलली न्हाईस? सव्वा महिना मी तुला अक्कल न्हाय म्हनलो. चारचौघांत म्हनलो. ऐकून घेतलंस?"

"काय बोलायचं?" शैलाताई म्हणाल्या. "दादांनी सांगितलं, पण ओढली मी. लिफ्ट माझी आहे. उद्या माझ्या हातनं कुणाच्या स्कूटरचा ब्रेक सैल राहिला, तर मी काय सांगू, शेजारीण घाई करत होती म्हणून? यंत्र ज्याचं, त्यानं नाही म्हणायला शिकलं पाहिजे. मी तसं म्हटलं नाही. ते माझं."

आमच्या धंद्यात मी पुष्कळ कसबी माणसं बघितली. नुसत्या आवाजावरून इंजिन ओळखणारे बघितले, डोळे मिटून कार्ब्युरेटर जोडणारे बघितले. पण आपल्या कामाची जबाबदारी इतक्या सरळ हाताने उचललेली मी बघितली नव्हती. आणि त्या जबाबदारीतला माझा वाटाही त्या सव्वा महिना उचलून उभ्या होत्या.

दत्ताभाऊंनी आपल्या बोटांकडे बघितलं. मग मला म्हणाले, "दवाखान्यात आला व्हता तुमी. माज्या उशाशी बसला व्हता."

"हो."

"तवा का न्हाय बोलला?"

"भ्यालो. दुकानाला, नावाला."

त्यांनी शिवी दिली असती तर हलकं वाटलं असतं. ते ओटा उतरून टेम्पोपाशी गेले. "जा बाबा तू. काय न्यायचं न्हाय." परत येऊन त्यांनी 'काम बंद' कागद डाव्या हाताने ओढून काढला, नीट निघाला नाही, कोपरा भिंतीला राहिला. शैलाताई उभ्या राहिल्या होत्या. बोळा खाली ठेवला होता.

"दादा," दत्ताभाऊ म्हणाले, "तुमच्यासंगं मला आज बोलायचं न्हाय. उद्याचं माहीत न्हाय. पन गाडी चढवाया दोन मानसं लागत्यात, आन् माजा हात चालत न्हाय. नर्सबाईंची स्कूटर हाय ती. मागनं धरा."

मी बाह्या वर केल्या. शैलाताईंनी सांधे मिटवले, रिकामी लिफ्ट वर-खाली करून घेतली. एकदा, दोनदा, पाच वेळा. मग हँडल त्यांनी धरलं, मागून मी. स्कूटर चढली. क्लॅम्प आवळला, चार पट्टे ताणले. त्यांनी स्कूटर दोन्ही हातांनी हलवून बघितली. हलली नाही.

मग त्यांनी कुंडीशेजारचा विटेचा तुकडा उचलला आणि लिफ्टभोवती फरशीवर एक जाड लाल रेघ ओढली, चारी बाजूंनी, न घाई करता.

"या रेघेच्या आत फक्त मी," त्या म्हणाल्या. "गाडीचा मालक असो, घरचा धनी असो, नाहीतर लिफ्ट विकणारा असो."

दत्ताभाऊ मुकाट्याने दोन पावलं मागे सरले.

"दादा, तुमचा एक पाय आत आहे."

मी पाय मागे घेतला. त्यांनी एकदा माझ्या पायांकडे, एकदा नवऱ्याच्या पायांकडे बघून घेतलं, आणि पेडल मारायला सुरुवात केली.